न पाडता वाढवलेली घरं

नमस्कार श्रोतेहो.

फ्रान्सच्या बोर्डो शहरात लेओं ओकोक नावाचा छोटासा चौक आहे. भोवती झाडं, चार बाकं, पेतांक हा धातूच्या गोळ्यांचा फ्रेंच खेळ खेळायला मोकळी जागा. 1996 साली तो सुशोभित करण्याचं काम अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुविशारद जोडीकडे आलं. दोघं तिथे जाऊन बसले, रहिवाशांशी बोलले, आणि कळवलं: चौक आहे तसाच सुंदर आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट वाढवा. बाकी कशाला हात लावू नका. हाती आलेलं काम असं परत करायला मोठं धाडस लागतं.

हे धाडस मला वाटतं आफ्रिकेतलं. 1980 मध्ये शिक्षण संपवून वासाल नायजर देशात कामाला गेले. अ‍ॅन वरचेवर तिथे जात. वाळवंटाच्या काठी माणसं मूठभर साहित्यातून सावली कशी उभी करतात, ते त्यांनी पाहिलं. राजधानी नियामेत दोघांनी गवताची झोपडी बांधली. दोन वर्षांत ती वाऱ्याने नेली.

पुढे 1987 मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये स्वतःचं कार्यालय काढलं. हरितगृहाला लावतात तसले पारदर्शक पत्रे वापरून कमी खर्चात ऐसपैस घरं बांधली.

पण मला सांगायचंय ते बोर्डोतल्या ग्रां पार्क वसाहतीबद्दल. 1960च्या दशकातल्या तीन इमारती, 530 घरं, भाडेकरू साधी माणसं. जोडीला दोन सहकारी वास्तुविशारद घेऊन यांनी इमारतींना बाहेरून नवा सांगाडा लावला. तयार स्लॅब क्रेनने उचलून मजल्यावर मजला चढवला. मग आतल्या जुन्या छोट्या खिडक्या काढून तिथे जमिनीपर्यंत सरकती काचेची दारं बसवली. दार सरकवलं की पुढे जवळपास चार मीटर खोल, उन्हाने भरलेली जागा! थंडीत या जागेच्या बाहेरच्या काचा मिटायच्या, आतली हवा उन्हाने तापते. उन्हाळ्यात काचा उघडायच्या, पडदे ओढायचे. कुणी तिथे कुंड्या ठेवल्या, कुणी जेवणाचं टेबल.

पाडून नव्याने बांधायला जो खर्च आला असता, त्याच्या एक तृतीयांशात हे झालं. 2021 साली या दोघांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. पण ग्रां पार्कचं काम चालू असताना एकाही कुटुंबाला सामान बांधून बाहेर पडावं लागलं नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं.