दिव्यांनी ठोक्याच्या मागे धावू नये म्हणून

नमस्कार. डीजेच्या गाण्याच्या ठोक्यावर दिवे कसे पेटवायचे, ते आज पाहू. माझ्या हातात साधा एलईडी पार लाइट, म्हणजे मंचावर रंगीत झोत टाकणारा डबा-दिवा, आहे. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर ‘साउंड’ हा पर्याय निवडला की आतला इवलासा माइक जागा होतो. (टाळी. दिवा लाल होतो.) आता मी नुसता खोकतो. (दिवा हिरवा होतो.) आवाज वाढला एवढेच या माइकला कळते, तो किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा) की गर्दीतल्या शिट्टीचा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

म्हणून माइकऐवजी डीजे मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून थेट सिग्नल घ्यावा आणि ऑडिओ इंटरफेसमार्गे (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या डबीतून) तो लॅपटॉपला द्यावा. तिथले सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे तपासते आणि साधारण १०० हर्ट्झच्या खालची ऊर्जा अचानक उसळली की तिथे ठोका पडला असे मानते. मात्र ४४,१०० हर्ट्झच्या नमुनादरावर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने घेताना, १,०२४ नमुन्यांचा एक तुकडा भरायलाच २३ मिलिसेकंद लागतात. पुढे दिव्यांना आज्ञा जाते ती डीएमएक्स ५१२ या १९८६ साली अमेरिकेत ठरलेल्या पद्धतीने. तिच्यात एका केबलवर ५१२ चॅनेल (दिव्याचा रंग, तेज अशा एकेका गोष्टीसाठी एकेक) असतात, प्रत्येकाला ० ते २५५ पर्यंतचे मूल्य मिळते आणि सगळे चॅनेल वापरल्यास आज्ञा सेकंदाला सुमारे ४४ वेळाच पाठवता येते. म्हणजे आणखी २३ मिलिसेकंदांपर्यंतची भर. थोडक्यात, ऐकून पेटणारा दिवा ठोक्याच्या मागेच राहतो.

यावरचा उपाय म्हणजे पुढचा ठोका आधीच ओळखणे. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यात दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंदांचे अंतर असते. डीजे सॉफ्टवेअरने गाण्याची बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या जागांची आखणी, आधीच आखलेली असते, त्यामुळे लय मिडी क्लॉकवरून (वाद्ययंत्रांना लय कळवणारा संकेत, एका ठोक्याला २४ स्पंद) किंवा एबलटन लिंकवरून (नेटवर्कवरून लय जुळवणारी सोय) लाइटिंग सॉफ्टवेअरला दिली की आज्ञा थोडी आधी सोडता येते.

आपल्याकडे खरी पंचाईत होते ती कोळीगीत लागल्यावर. सहा मात्रांच्या अंगाने जाणारा ठेका चारच्या हिशेबात बसवताना सॉफ्टवेअर लय कधी दीडपट तर कधी अर्धी धरते, आणि ढोल-ताशाची लय तर वाजता वाजता चढत जाते. अशा वेळी मी सरळ टॅप टेम्पोचे (बोटाच्या ठोक्यांवरून लय धरणारे) बटण बोटाने वाजवतो.

ठोक्यावर सगळेच दिवे उडवणे मला पटत नाही. पाच मिनिटांत डोळे शिणतात. किक फक्त मागच्या रांगेतल्या पार लाइटना द्यावी, मूव्हिंग हेडची (डोके फिरवणाऱ्या दिव्याची) एक संथ फेरी ३२ ठोक्यांत, म्हणजे १२८ बीपीएमला बरोबर १५ सेकंदांत पूर्ण करावी, आणि ड्रॉपच्या (गाणे जोरात कोसळते त्या क्षणाच्या) आधीचा काळोख मात्र स्वतःच्या हातात ठेवावा.

आणखी एक. एका लग्नात दिवे मधूनच लुकलुकत होते आणि मी दोन तास सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. शेवटच्या दिव्याच्या डीएमएक्स आउटमध्ये १२० ओमचा टर्मिनेटर (सिग्नल तारेच्या टोकावरून उलटू नये म्हणून लावायचा रोध) लावल्यावर लुकलुकणे थांबले; तोपर्यंत पंगत उठली होती.