बटण आहे, पण खुंटीवर

एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी गळ्यात घालायचं मदतीचं बटण १९७०च्या दशकापासून आहे. पडलात, उठता येईना, तर दाबायचं. पलीकडे कोणीतरी उत्तर देतं, मदत पाठवतं. पासवर्ड नाही, शिकण्यासारखं जवळपास काही नाही. तरी केंब्रिजमधल्या नव्वदी ओलांडलेल्यांचा जो अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला, त्यात काय दिसलं? पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्या अनेकांकडे मदत बोलावायची सोय होती, आणि बहुतेकांनी ती वापरलीच नाही. काहींना तिचा उपयोग पटला नव्हता. काहींनी बटण घेतलं, पण घालायची सवय लावून घेतली नाही. आणि काहींनी पडल्यावर, शुद्धीत असताना, ठरवून ते दाबलं नाही.

मला या शेवटच्यांबद्दल बोलायचंय. ‘म्हातारपणी यंत्रं जमत नाहीत’ हे आपलं ठरलेलं उत्तर त्यांना लागू पडत नाही. बटण दाबल्यावर काय होतं ते पाहा. दारात माणसं येतात, दवाखाना येतो, मुलांना फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘आता एकटं राहणं बास’ हा विषय निघतो. ज्या घरात राहता यावं म्हणून बटण घेतलं, ते घरच त्या बटणापायी सुटेल, अशी ही भीती असावी. ती मला वेडगळ वाटत नाही. त्यात हिशेब आहे, आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो.

तंत्रज्ञान माणूस का स्वीकारतो, याचं एक गाजलेलं प्रारूप फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, हे त्यातले दोन मुख्य प्रश्न. पण डेव्हिस यांच्यापुढे कामाच्या ठिकाणचे संगणक होते. घरात मामला वेगळा असतो. खोलीत कॅमेरा बसवतो मुलगा, त्याच्यासमोर कपडे बदलायचे आईने. झोप लागते मुलाला. मग ‘उपयोगी’ कोणासाठी? हा प्रश्न विचारल्याशिवाय नकार समजत नाही.

सोपेपणाचंही तसंच. वय वाढतं तसे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि किती तरी उपकरणं नेमकी त्याच पट्टीत ‘पीं पीं’ करतात. कोरड्या पडलेल्या बोटाचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही. मग माणूस जास्त वेळ दाबून धरतो आणि फोन त्याचा भलताच अर्थ लावतो. खापर फुटतं वापरणाऱ्यावर. ‘बाबा, किती वेळा सांगितलं!’ हे चारदा ऐकलं की बाबा त्या वस्तूला हात लावत नाहीत. (सांगणाऱ्यानेही ती बहुधा घाईतच शिकवलेली असते.)

उलट, तेच बाबा नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायला मात्र शिकतात. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की पुढचा काळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस नव्या ओळखी आणि माहितीपेक्षा जिव्हाळ्याच्या नात्यांकडे वळतो. जिथे पलीकडे आपलं माणूस दिसतं, तिथे अवघड वस्तूही आत्मसात होते.

राहिला वेळेचा प्रश्न. बऱ्याच घरांत ही उपकरणं कोणी पडल्यानंतर येतात. हाड मोडलेलं, झोप अपुरी, मनात धास्ती. नवं काही शिकायला याहून वाईट आठवडा नसेल. घ्यायचंच तर तब्येत ठणठणीत असताना घ्या. बटण दाबल्यावर पहिला फोन कोणाला जावा, कॅमेरा कोणत्या खोलीत नको, तो बंद करायचा अधिकार कोणाचा, हे त्या घरात राहणाऱ्यालाच ठरवू द्या. आई म्हणाली, पहिला फोन शेजारणीला जाऊ दे, तुला नको, तर तसंच बसवून द्या.