घोटभर पाणी

इंदूर, रामबाग, सकाळचे आठ. पोह्यांवर शेव पडलीय, जिरावण पडलंय, आणि मावशींच्या हातातला कप बशीवर असा खडखडतोय. आवाज आम्ही वाढवलेला नाही हां. मग त्यांना हात पुढे करायला लावले आणि बोटांवर पेपरचं एक पान ठेवलं. पंखा बंद आहे, तरी पान बघा कसं फडफडतंय. डॉक्टरही असंच बघतात.

भूक दुप्पट पण वजन उतरतंय, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकतात, डिसेंबरात घाम. घरचे म्हणायचे, वयच तसं आहे, टेन्शन घेते. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी केली, तर तो जवळपास शून्य. म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी ओव्हरॲक्टिव्ह, गरजेपेक्षा जास्त काम करणारी. दीड वर्ष गोळ्या झाल्या, बंद केल्या की पुन्हा तेच, मग डॉक्टर म्हणाले रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देऊ, आणि घरात सगळे चिडीचूप. जाऊबाईंनी हळूच विचारलं, "कॅन्सरचं आहे का हो?"

नाही हो. 'रेडिओॲक्टिव्ह' ह्या एका शब्दापायी किती बायका वर्षं काढतात.

स्क्रीनवर हे फुलपाखरासारखं चमकतंय ना, तीच ग्रंथी, एरवी जेमतेम वीसेक ग्रॅमची. हार्मोन बनवायला तिला आयोडीन लागतं, आणि साधं कुठलं, रेडिओॲक्टिव्ह कुठलं, हे तिला कळतच नाही, दोन्ही सारखंच ओढते. आयोडीन-१३१ आत गेलं की त्याचे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत, म्हणजे जी पेशी जास्त हावरट तीच जास्त मरते. बॉस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९३६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांना विचारलं होतं, आयोडीन कृत्रिमरीत्या रेडिओॲक्टिव्ह करता येईल का? १९४१ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला दिलंसुद्धा. तेव्हा आपल्याकडे होळकरांचं राज्य होतं, इतकी जुनी ट्रीटमेंट आहे ही.

औषध येतं ते हे शिशाचं जाड भांडं, उचलून बघितलं, मनगट दुखलं. आतली बाटली बोटाएवढी. आठ दिवसांत औषधाची ताकद निम्मी होते, म्हणून डोस तारीख ठरवून मागवतात, आणि आयत्या वेळी "आज अमावस्या आहे, पुढच्या आठवड्यात येतो" चालत नाही. कॅमेरा दाराबाहेरच थांबवला, त्यामुळे हे काचेतून घेतलंय. स्ट्रॉ, दोन घोट, वरून पाणी. झालं. "चवच नाही," मावशी म्हणाल्या, जरा नाराजच होत्या.

मग किरणं मोजणारा मीटर मावशींच्या गळ्याजवळ नेला. ऐका.

घरी वेगळी खोली, वेगळा टॉवेल, भरपूर पाणी, दोनदा फ्लश, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब, किती दिवस ते डोसवर ठरतं. नातू उंबऱ्यावर उभा आहे, इथे मी काही बोलत नाही.

गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे देत नाहीत, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील तर आधी सांगायचं, आणि पुढे बहुतेकांची ग्रंथी मंदावते, मग थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्याच हार्मोनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर.

चार महिन्यांनी तीच खुर्ची, पेपरचं तसंच पान. थोडं हललं. पण ह्या वेळी पंखा चालू होता.