लस मोफत होती, पण मध्ये जिना होता

मार्च २०२१. साठी ओलांडलेल्यांसाठी कोरोनाची लस खुली झाली आणि मुंबईत केंद्रांसमोर रांगा लागल्या. काठी टेकत आलेले आजोबा, व्हीलचेअरमधल्या आजी. ही गोष्ट मात्र त्या रांगेत न दिसलेल्यांची आहे. अर्धांगवायूने एक बाजू गेलेले, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकलेले. त्यांच्यासाठीही लस मोफत होती, पण मध्ये जिना होता.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली: अशांना घरी जाऊन लस द्या. केंद्र सरकारने हरकती मांडल्या, आणि त्या पोकळ नव्हत्या. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची. एका घरात एकच रुग्ण असेल, तर उरलेल्या नऊ डोसांचं काय? शिवाय लस टोचल्यावर अर्धा तास माणसावर लक्ष ठेवायचं. न्यायालयाने तरीही विषय लावून धरला.

जुलैच्या अखेरीस महापालिकेने अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व विभागात घरोघरी लस द्यायला सुरुवात केली. अंथरुणावरच्या रुग्णांची नावं आधीच मागवली, डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतलं आणि मग पथकं जिने चढली. सप्टेंबरमध्ये केंद्रानेही देशभर घरी लस द्यायला मुभा दिली. तेव्हा जमलं, मग आज का जमू नये?

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी म्हातारपणी फार मोलाच्या. पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ज्येष्ठांसाठी त्या नाहीत. ज्याला परवडतं, तो खासगी दवाखान्यात घेतो. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि ही मोठीच सोय आहे. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. न्यूमोनिया होऊन खाटेवर पडलेल्या आजीचा खर्च सरकार देतं, तो टाळणारी लस मात्र तिने स्वतः विकत घ्यायची. हे बदललंच पाहिजे.

गावात अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. बाळाला घेऊन या, असं सांगायला आशाताई घरी येतात. त्याच घरात आजी असते, आणि आशाताईंना तिचा दमाही माहीत असतो आणि मधुमेहही. यादीत तिचं नाव घालायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू बळावतो, आणि त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. म्हणून मे महिन्यातच घरातल्या ज्येष्ठांसाठी डॉक्टरांना विचारा. आणि ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीतही विचारा: जे चालू शकत नाहीत, त्यांची यादी कोणाकडे आहे?