शौचावरचा ताबा सुटलेल्यांसाठी नवे इम्प्लांट: चाचणीत उतरण्याआधी नोंदवही समजून घ्या

नमस्कार. शौचावरचा ताबा सुटणे या विषयावरचा मागील व्हिडिओ पाहून जालना, परभणी, हिंगोली या भागांतून बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला आहे. इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचे यंत्र, बसवून हा त्रास थांबतो का, आणि नव्या यंत्राच्या चाचणीत नाव द्यावे का?

कारणे थोडक्यात सांगतो. बाळंतपणात स्नायू फाटणे, भगंदराची शस्त्रक्रिया, मधुमेह आणि मणक्याची इजा ही त्यांतील प्रमुख. आहारातील बदल, औषधे आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम हे उपाय आधी पूर्ण झालेले असले पाहिजेत. ते न करता इम्प्लांटची चौकशी करू नये.

सध्या प्रस्थापित असलेले इम्प्लांट मज्जातंतूला सौम्य विद्युतप्रवाह देते. शौचावरच्या नियंत्रणासाठी त्याचा वापर केल्याचा पहिला अहवाल जर्मनीतील शल्यचिकित्सकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेत या त्रासासाठी त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असते, त्याच्या तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार मज्जातंतूजवळ नेली जाते. तार नेमक्या जागी पोहोचली की रुग्णाच्या पायाचा अंगठा वाकतो आणि गुदद्वाराभोवतीचा स्नायू आत ओढला जातो. शस्त्रक्रियागृहात आम्ही त्या अंगठ्याकडेच लक्ष ठेवून असतो. त्यानंतर साधारण दोन ते तीन आठवडे यंत्र शरीराबाहेर, कमरेला लावून फरक पाहतात. कपडे खराब होण्याचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले, तरच कायमची बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली बसवली जाते.

हे 'निम्मे' कशावरून ठरते? रुग्णाच्या नोंदवहीवरून, म्हणजे असे प्रसंग रोज किती घडले हे ज्या वहीत लिहिले जाते तिच्यावरून. तार घालण्याआधीची नोंद आणि नंतरची नोंद, यांखेरीज डॉक्टरांच्या हाती दुसरा भक्कम आधार नसतो. तरीही या वहीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. तपासणीच्या आदल्या रात्री आठवून आठवून भरलेले पान मी लगेच ओळखतो, कारण त्यात दोन आठवड्यांचे चौदाही दिवस सारखेच असतात.

प्रायोगिक यंत्राच्या बाबतीत तर ही वही अधिकच मोलाची ठरते. ब्रिटनमध्ये पायाच्या घोट्याजवळील मज्जातंतूला सुईतून विद्युतप्रवाह देण्याच्या उपचाराची २२७ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांचे प्रसंग निम्म्यावर आले. पण ज्यांना केवळ उपचाराचा आभास दिला होता, त्यांच्यातही हे प्रमाण ३१ टक्के होते. हा फरक खात्रीलायक ठरला नाही. तुलनेसाठी दुसरा गट आणि रोजची नोंद नसती, तर ३८ टक्क्यांचा आकडा सांगून तो उपचार सर्वत्र विकला गेला असता. "आम्हाला खोटे यंत्र लावले तर ती फसवणूकच ना?" असे एका प्रेक्षकाने रागाने लिहिले आहे. तसा गट असणार, ही गोष्ट संमतिपत्रात आधीच लिहिलेली असते. ती न सांगता केलेली चाचणी ही मात्र निश्चितच फसवणूक आहे.

आता घरातली अडचण. अंबाजोगाईकडील एक मावशी उपचारासाठी आल्या होत्या आणि त्यांची वही त्यांचा मुलगा भरत असे. मुलाला हे सांगायचे कसे, या संकोचाने त्या रोज "काही नाही" एवढेच सांगत. कागदावर त्या जवळपास बऱ्या होत्या. पिशवीत मात्र आत लावण्यासाठी जुन्या लुगड्याच्या केलेल्या कापडी घड्या होत्या. पुढे सुनेने त्यांना एक साधे पान आखून दिले. थोडे डागले तर रिकामे वर्तुळ, कपडा बदलावा लागला तर भरलेले वर्तुळ, आणि भीतीपोटी बाहेर जाणे टाळले तर फुली. अक्षरओळख नसलेल्या त्या मावशींनी ते पान स्वतःच्या हाताने भरले.

त्यातली फुली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एसटीने लातूरला जायचे म्हणून आदल्या दुपारपासून भाकरी न खाणारे आणि लग्नाला किंवा सप्ताहाला जाणेच सोडून दिलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. उपाशी राहून घरात बसल्यावर प्रसंग कमी होणारच. ते श्रेय यंत्राचे नव्हे. या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २० गुणांच्या वेक्सनर मापनात राहणीमानात पडलेल्या फरकालाही स्वतंत्र गुण आहेत. म्हणून चाचणीच्या काळात नेहमीचे जेवण घ्या, आठवडी बाजाराला जा आणि जे घडेल ते त्याच दिवशी लिहा.

"वय झाले की असे होणारच, डायपर लावा," अशी प्रतिक्रिया अनेकांनी दिली आहे. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या घरात दिवसातून दोनदा लुगडे धुणाऱ्या बाईला हे सांगू नये. डायपर ही सोय आहे, उपचार नव्हे, आणि बाळंतपणानंतर तिशीतच हा त्रास सुरू झालेल्या स्त्रियाही माझ्याकडे येतात.

नव्या यंत्राच्या चाचणीत नाव देताना ती भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंदलेली आहे का आणि तिला नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे आधी विचारा. संमतिपत्र मराठीत मागा आणि ते घरी नेऊन वाचा. कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. यंत्रामुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, हे लेखी घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कंपनीने यंत्र बंद केले तर ते काढायचे कोणी आणि कोणाच्या खर्चाने, हेही विचारा. ही शंका काल्पनिक नाही. गुदद्वाराभोवती बसवायच्या चुंबकीय मण्यांच्या 'फेनिक्स' या कड्याला अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस मर्यादित मान्यता मिळाली होती. पुढे उत्पादकाने ते मागे घेतले आणि ब्रिटनमधील त्याची चाचणी ठरलेली रुग्णसंख्या गाठण्याआधीच थांबली. ज्यांच्या शरीरात ते कडे बसवले गेले होते, त्यांची तपासणी मात्र पुढेही करावीच लागणार होती.

नोंदवहीचे वर्तुळ-फुलीचे पान व्हिडिओखाली दिले आहे. ते छापून घ्या आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी किमान दोन आठवडे भरा, कारण तार घालण्यापूर्वीची नोंद नंतर कितीही प्रयत्न केला तरी तयार करता येत नाही.