हिंगण्याची वाट आणि माझी वही

(कोथरूडमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे यायला आज मला पाऊण तास लागला. नळस्टॉपपासून कर्वे पुतळ्यापर्यंत रिक्षा चालली कमी आणि थांबली जास्त. डोक्यावरून मेट्रो दोनदा निघून गेली. मग ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर अडकले होते, त्यांचाच विचार करत बसले.

शाळेच्या पुस्तकात महर्षी कर्वे आपल्याला थेट म्हातारपणीच भेटतात, त्यामुळे ते जन्मतःच महर्षी होते असं वाटतं. मला त्यांची मधली वर्षं बघावीशी वाटतात. जन्म १८५८चा. मॅट्रिक झाले १८८१ला, म्हणजे तेविसाव्या वर्षी, आजच्या हिशेबाने चांगलेच मागे पडलेले. १८९१ला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. १८९३ला पुनर्विवाह केला, विधवा असलेल्या गोदूबाईंशी, आणि त्यांच्या कोकणातल्या मुरूड गावच्या लोकांनी बहिष्कार घातला. १८९६ला, अडतिसाव्या वर्षी, विधवांसाठी आश्रम काढला. १९००मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. आताचं कर्वेनगर ते हेच.

आता गंमत बघा. फर्ग्युसनमधून ते बाहेर पडले १९१४ला. आश्रम निघाल्यावर तब्बल १८ वर्षांनी! आज ते एखाद्या समुपदेशकाकडे गेले असते, तर पहिल्या तासातच ‘सर, पॅशन फॉलो करा’ असं ऐकून परत आले असते. हा गृहस्थ मात्र हिंगण्याहून कॉलेजात पायी यायचा, पोरांना गणित शिकवायचा, उरल्या वेळात आश्रमासाठी वर्गणी मागायचा आणि पायीच परत जायचा. महिला विद्यापीठ काढलं १९१६ला. वय ५८, विद्यार्थिनी पाच. आपल्याकडे त्या वयात शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात.

‘मिडलाइफ क्रायसिस’, म्हणजे मध्यम वयातली घालमेल, हा शब्द रुळला तो एलियट जाक या मनोविश्लेषकाच्या १९६५च्या लेखापासून. त्याआधी पुण्यात कुणाला पंचेचाळिशी लागतच नव्हती असं नाही. ‘हल्ली फार चिडचिड करतात’ एवढं म्हणून आपण तो विषय मिटवायचो.

माझी चिडचिड अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू झाली. पिंपरीतल्या एका कंपनीत कॉस्टिंगला, म्हणजे खर्चाच्या हिशेबाला, होते, अजूनही आहे. पगार बरा, मुलगा इंजिनिअरिंगला, सासूबाईंचे गुडघे डॉक्टरांकडे. रात्री तीनला जाग यायची आणि छताकडे बघत वाटायचं, हेच का ते? मग लोक करतात ते सगळं केलं. एक शिबिर केलं. गिटार आणली. ती कपाटावर आहे, तिच्यावर सध्या गोधड्या ठेवलेल्या आहेत.

शेवटी माझ्या धंद्याचीच सवय कामी आली. कॉस्टिंगवाला कंपनीच्या घोषणा वाचत बसत नाही, पैसे कुठे गेले ते बघतो. मी शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले: काय केलं, किती मिनिटं, आणि मध्ये घड्याळ किती वेळा बघितलं. आठ आठवडे लिहिलं. प्रामाणिकपणे, हे सांगायला हवं, कारण पहिल्या आठवड्यात मी व्हॉट्सअ‍ॅपची मिनिटं निम्मीच लिहिली होती. स्वतःच्याच वहीत खोटं!

आठ आठवड्यांत तिसऱ्या रकान्यात शून्य आलं ते फक्त चार वेळा. त्यातली एक नोंद जशीच्या तशी सांगते: ‘मंगळवार. मावशींचं कर्ज. ५० मिनिटं. घड्याळ ०.’

मावशी म्हणजे आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या. त्यांनी ४०,००० रुपये घेतले होते, दोन वर्षांच्या बोलीवर, ‘फक्त १२ टक्के’. ओट्याशी उभं राहून आम्ही हिशेब मांडला. ४०,००० वर वर्षाला ४,८०० म्हणजे दोन वर्षांचे ९,६००, आणि हप्ता साधारण २,०६७. मावशी म्हणाल्या, ‘बरोबर आहे की.’ मी म्हटलं, ‘वर्षभराने तुमच्याकडे त्यांचे ४०,००० राहिलेत का? निम्मे तर तुम्ही फेडलेत. मग व्याज पुऱ्या ४०,००० वर कसं?’ शिल्लक रकमेवर, म्हणजे रिड्यूसिंग बॅलन्सने, मोजलं तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. मावशींनी पिठाचा हात पदराला पुसला, कागद उलटा करून बघितला आणि विचारलं, ‘मग बारा टक्के कुठंय, ताई?’

बाकीची तीन शून्यंही याच जातीची होती. वॉचमनचा पीएफ, एका बाईंचं पासबुक, भिशीचा घोळ. मी याला काम समजतच नव्हते. मध्येमध्ये होऊन जायचं, म्हणून मोजलं नव्हतं.

मग गुरुवारची संध्याकाळ यासाठी ठेवली. जागा मिळवणं ही वेगळी कथा आहे. सोसायटीच्या कमिटीने पार्किंगमध्ये बसायला नकार देताना दिलेलं पत्र मी जपून ठेवलंय, त्यात ‘सदर महिला’ हा शब्द चार वेळा आहे. शेवटी एका बाईंच्या ओसरीवर सुरू केलं. सहाजणी यायच्या, आता अकरा येतात.

अवघड गेलं ते दुसऱ्याच ठिकाणी. गुरुवार मोकळा ठेवायचा म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचं. सोसायटीचं खजिनदारपद सोडलं, त्यात रुसवे झाले. नणंदेचा रोजचा तासाभराचा फोन रविवारवर नेला. ती अजून टोमणे मारते. मारू दे.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली, ‘मग नोकरी सोडली की नाही?’ नाही हो. घराच्या कर्जाचे ३४ हप्ते राहिलेत. रिड्यूसिंग बॅलन्सने, तपासून घेतलेत.