भरलेली ओटी

(दृश्य: काळं रान, फुटलेली बोंडं, दव)

परभणी जिल्हा. कार्तिकातली सकाळ. कापूस वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे ओळीत वेचताना कुणी मान वर करत नाही. पोटाशी बांधलेली ओटी भरत जाते, तसं तिचं वजन पुढं ओढतं. वेचणाऱ्या मावशी कंबरेत आणखी वाकतात. गुडघे मात्र ताठ.

ते गुडघे बघून ठेवा.

(दृश्य: सांगाडा, कंबरेचा भाग)

आपला कणा टेकलाय तो कटीच्या हाडांच्या कड्यावर. दोन्ही अंगांना दोन रुंद हाडं, मागं मधोमध त्रिकास्थी हे तिकोनी हाड, तिच्या खाली माकडहाड. हे कडं म्हणजे पाण्याची परात समजा. पुढची कड खाली गेली की कंबरेचा बाक वाढतो, वर आली की बाक सपाट होतो. मांडीच्या मागचे स्नायू या कड्याच्या बुडाला, आपण ज्यावर बसतो त्या हाडांना, धरलेले असतात. गुडघे ताठ ठेवून खाली वाकलं की ते ताणतात आणि परात पुढं कलू देत नाहीत. मग राहिलेलं वाकणं येतं कंबरेच्या ५ मणक्यांवर. मणक्यांमधल्या गाद्या पुढून दबतात, मागचे बंध ताणलेले राहतात. पाच मिनिटं नाही, अख्खा दिवस.

“कंबरंचं हाड सरकलंय म्हणत्यात,” मावशी सांगतात.

तसं ते सरकत नाही. त्रिकास्थीचा सांधा हलतो तोच मुळी जेमतेम दोन-चार अंश. परातीचा कलही माणसागणिक वेगळा. कित्येकांची चांगलीच पुढं कललेली असते आणि दुखत काहीच नाही. बहुतेक कंबरदुखीत बोट ठेवावं असं एक हाड सापडतच नाही. म्हणून नुसती ठेवण बघून दोष काढणाऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. एकाच ठेवणीत तासन्‌तास राहणं, वर ओझं, हे जास्त नडतं.

पायातलं बळ गेलं, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

(दृश्य: बांध, संध्याकाळ)

हल्ली मावशी एक पाय पुढं टाकून, गुडघा सैल सोडून वाकतात. ओटी अर्धी भरली की बांधावर रिकामी करतात. चकरा वाढल्या. काट्यावर दोन किलो कमी भरलं.

“अन्‌ घरी गेल्यावर चुलीपुढं उकिडवंच बसायचंय की,” त्या हसतात, आणि मजुरीचे पैसे मोजून घेतात.